बिडीच्या सुपात डॉलर

2004 साली भारतात बालमजुरीविरुद्ध एक प्रकल्प सुरू झाला आणि त्यासाठी देशातून निवडक जिल्ह्यांची यादी निघाली. दिल्ली सोडली तर पाच-पाच जिल्हे चार राज्यांतले. फिरोजाबाद बांगड्यांसाठी, अलिगढ कुलपांसाठी, मुरादाबाद पितळेच्या भांड्यांसाठी, विरुधुनगर काड्यापेट्या आणि फटाक्यांसाठी, कांचीपुरम रेशमासाठी. महाराष्ट्रातून अमरावती, जालना, औरंगाबाद, मुंबई उपनगर आणि गोंदिया. गोंदिया तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा जिल्हा होता. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा, बाहेरच्यांना ठाऊक असलाच तर धानामुळे, नागझिऱ्यामुळे किंवा हावडा मार्गावरच्या जंक्शनामुळे.

या यादीमागचे अर्धे पैसे अमेरिकेच्या कामगार खात्याचे होते.

थोडं थांबून विचार केला तर हे फार विलक्षण आहे. ओहायोतल्या कुणा ट्रकचालकाच्या पगारातून कर कापला जातो. वॉशिंग्टनमध्ये त्यातला एक कण बाजूला निघतो, जिनिव्हामार्गे दिल्लीत येतो, तिथून राज्याकडे, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या एका सोसायटीकडे, तिथून एखाद्या स्थानिक स्वयंसेवी संस्थेकडे, आणि शेवटी समाजमंदिरात भरणाऱ्या एका छोट्या शाळेत पाटीपुस्तक बनून येतो. कशासाठी? तर घरच्या अंगणात सूप मांडीवर घेऊन बिड्यांची तोंडं बंद करणारं नऊ-दहा वर्षांचं पोर तिथून उठून शाळेत जावं म्हणून. एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशातल्या उद्योगाची नीतिमत्ता सुधारण्यासाठी तिथल्या संस्थांना पैसे द्यावेत, ही कल्पना मुळात आली कुठून?

तिची सुरुवात बंदरावर होते. अमेरिकेचा 1930 चा जकात कायदा आहे. त्याच्या 307 व्या कलमाने सक्तीच्या मजुरीतून तयार झालेला माल देशात येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. ऐकायला मोठं उदात्त, पण कलमात एक पळवाट होती: आपल्या देशात ज्या वस्तूचं उत्पादन गरजेपुरतं होत नाही, ती आली तर येऊ द्यावी. म्हणजे नीती खरी, पण आपलं अडत नसेल तेव्हाच. ही पळवाट बंद व्हायला 2016 साल उजाडावं लागलं. तरीही 1999 मध्ये या कलमाचा बडगा चक्क बिडीवर पडला. अमेरिकी दूरचित्रवाणीवर भारतातल्या वेठबिगार मुलांची कहाणी दाखवली गेली होती, आणि त्यानंतर तिथल्या सीमाशुल्क खात्याने मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या बिड्या बंदरातच अडवण्याचा आदेश काढला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते एका अगदी वेगळ्या जागी भेटणार आहे.

माल अडवणं सोपं असतं. अडवल्यावर त्या पोराचं काय होतं, हे मात्र बंदरावरून दिसत नाही. 1992 मध्ये सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीच्या मालावर बंदी घालणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही, पण नुसत्या बातमीने बांगलादेशातल्या कपडे कारखानदारांनी हजारो मुलांना घरी पाठवलं. मुलं शाळेत गेली नाहीत. पुष्कळशी खडी फोडायला, फेरीवर माल विकायला, याहून वाईट कामांना लागली. मग 1995 मध्ये कारखानदार, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी बसून करार केला: आधी शाळा उभी करा, मुलाला थोडा भत्ता द्या, मग कामावरून काढा. दम देण्यापेक्षा पैसे देणं बरं, हे शहाणपण असं महागात शिकलं गेलं.

पैसे देण्याचा रस्ता तोवर तयार होत होता. 1992 मध्ये जर्मनीच्या अनुदानावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बालमजुरी निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम सुरू केला, त्यात पहिल्या देशांमध्ये भारत होता. 1994 मध्ये ‘रगमार्क’ आलं. गालिच्याच्या पाठीवर चिकटवायची एक खूण: हा लहान हातांनी विणलेला नाही. कैलाश सत्यार्थी यांची बालमजुरीविरोधी चळवळ, जर्मन सरकारच्या पैशावर चालणारा निर्यात प्रोत्साहन प्रकल्प आणि युनिसेफ अशा तिघांनी ती उभी केली. यातली योजना फार सुबक होती. निर्यातदाराने गालिच्याच्या किमतीच्या पाव टक्का द्यायचा, त्यावर तपासणी चालायची. परदेशी आयातदाराने एक टक्का द्यायचा, त्यातून विणकरांच्या मुलांच्या शाळा चालायच्या. 2000 च्या सुमारास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेही परदेशांतल्या कारखान्यांवर लक्ष ठेवणाऱ्या बिगरसरकारी संस्थांना अनुदानं द्यायला सुरुवात केली. कंपनीला सरकारने थेट सांगायचं नाही, कारण ती दुसऱ्या देशात आहे. सांगणाऱ्याला पैसे द्यायचे. तो तिथल्या मातीतला असतो, त्याला भाषा येते, आणि उद्या भांडण झालंच तर ते दोन सरकारांचं होत नाही.

आता गोंदियाकडे येऊ, कारण हा सगळा सिद्धान्त बिडीपाशी येऊन अडखळतो.

बिडीचं पान तेंदूचं. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या जंगलाच्या तालुक्यांत मे महिन्याच्या उन्हात अख्खी घरं पहाटे रानात जातात, पानं तोडतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. तंबाखू बाहेरून येते. निपाणीची तंबाखू बिडीसाठी प्रसिद्ध, तशीच गुजरातच्या चरोतरची. या धंद्याचा जन्मच स्थलांतरातून झाला असं सांगतात: 1899 च्या दुष्काळात गुजरातेतून रेल्वेच्या ठेकेदारीसाठी जबलपूरकडे आलेल्या पटेल मंडळींना हे पान गवसलं आणि जसजसे रूळ पुढे गेले तसतशी बिडी पुढे गेली. गोंदिया त्या रुळांवरचंच गाव.

पान आणि तंबाखू ठेकेदार मोजून घरी देतो. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा आणि तोंड बोथट टोकाने आत दुमडायचं. हात बसलेली बाई दिवसाकाठी आठशे ते हजार वळते. हजाराचा भाव ठरलेला असतो, त्यामुळे हजार पूर्ण होणं महत्त्वाचं. दोरा बांधणं आणि तोंड दुमडणं या दोन कामांना ताकद लागत नाही, बारीक बोटं लागतात. पोरं तिथे शिरतात. कुणी जबरदस्तीने बसवलेली नसतात. आई म्हणते, ‘‘बस जरा, एवढ्या बांधून दे.’’ संध्याकाळी ठेकेदार माल तपासतो, त्याला न आवडलेल्या बिड्या बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे देत नाही. मग उद्या हजार भरायला अकराशे वळाव्या लागतात. ते वरचे शंभर कोणाच्या बोटांनी भरायचे, हे सांगायला नको.

कायदे होते. 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने कारखान्याच्या जागेत मुलांना मज्जाव केला. 1986 च्या बालकामगार कायद्यात बंदी असलेल्या प्रक्रियांच्या यादीत बिडी होतीच. पण त्याच कायद्यात तरतूद होती की घरधनी कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल तर बंदी लागू नाही. एखादं धरण सगळ्या सांडव्यांसह बांधून काढावं आणि नदी मात्र शेजारच्या नाल्यातून वाहत राहावी, तसं हे झालं. कारखान्यात मूल शोधायला गेलेल्या निरीक्षकाला मूल सापडणार नाही, कारण कारखान्यात बिडी वळलीच जात नाही. ती वळली जाते पडवीत.

अशा ठिकाणी परदेशी पैसा नेमकं काय करू शकतो, याचं उत्तर त्या 2004 च्या प्रकल्पात पाहायला मिळतं. त्याचं नाव इंडस, भारत आणि अमेरिका यांच्या नावांची सांगड. ऑगस्ट 2000 मध्ये दोन्ही कामगार खात्यांनी संयुक्त निवेदनावर सही केली, प्रत्येकी दोन कोटी डॉलर द्यायचे ठरले. दहा धोकादायक उद्योग, एकवीस जिल्हे, ऐंशी हजार मुलं हे लक्ष्य. कागदावर सोपा भागाकार केला तर माणशी पाचशे डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण बावीस-तेवीस हजार रुपये, आणि त्यात कार्यालयं, सर्वेक्षणं, प्रवास, अहवाल सगळं आलं. एका बालपणाची ही किंमत जास्त की कमी, यावर वाद घालता येईल. मला ती थोडी वाटत नाही. पैसे पोचेपर्यंत किती हातांतून जातात ते पाहिल्यावर मात्र बोटं मोजावीशी वाटतात.

या प्रकल्पाची खरी हुशारी वयाच्या विभागणीत होती. पाच ते आठ वर्षांचं मूल थेट जवळच्या सरकारी शाळेत. नऊ ते तेराचं आधी एका मधल्या शाळेत, जिथे बुडालेली इयत्ता भरून काढायची, जेवण मिळायचं, महिन्याला छोटा भत्ता, मग नियमित शाळा. चौदा ते सतराच्या मुलांना एखादं कौशल्य, कारण त्यांना पहिलीच्या बाकावर बसवणं हा अपमान झाला असता. आणि चौथा भाग आईचा: बचत गट, दुसरं काही उत्पन्न. बांगलादेशात जे चुकलं, त्याचा धडा इथे स्पष्ट दिसतो. पोर उठल्यावर सुपातला हिस्सा कोण भरणार, हा प्रश्न निदान विचारला तरी गेला.

एक गंमत कायद्याची आवड असलेल्यांसाठी. परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर भारताचा कडक पहारा आहे. 1976 चा कायदा 2010 मध्ये नव्याने आला. 2020 च्या दुरुस्तीनंतर तर अशी प्रत्येक देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात उतरावी लागते, एका संस्थेला ती दुसरीला देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या शहरातल्या संस्थेने पैसे घ्यायचे आणि सालेकशातल्या छोट्या संस्थेला पोचवायचे, हा जुना रस्ता त्यामुळे बंद झाला. पण संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांचा पैसा या कायद्याच्या व्याख्येत परदेशी धरलाच जात नाही. त्यामुळे अमेरिकी डॉलर जिनिव्हात जाऊन आला की त्याचं परकेपण संपतं.

आता माझी तक्रार. हा सगळा खेळ कंपन्यांच्या जबाबदारीचा म्हणून सुरू झाला. पण गोंदियातल्या या साखळीत अमेरिका आहे, जिनिव्हा आहे, दिल्ली आहे, जिल्हाधिकारी आहेत, संस्था आहेत, आई आहे, मूल आहे. कंपनी कुठे आहे? लेबलवर. गालिच्याची गोष्ट वेगळी होती, तो फ्रँकफर्टच्या दुकानात जातो, तिथलं गिऱ्हाईक पाठीवरची खूण उलटून बघतं. बिडी जवळजवळ सगळी इथेच ओढली जाते, चावडीवर, बांधावर, एसटी स्टँडवर. ती ओढणाऱ्याने लेबलाची पाठ कधी बघितली आहे? जिथे बंदर नाही तिथे बंदरावरचा दमही नाही, आणि म्हणून इंडसमध्ये अर्धे पैसे आपल्या सरकारला घालावे लागले, ही मला त्यातली सगळ्यात प्रामाणिक बाजू वाटते. 31 मार्च 2009 ला प्रकल्प संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने बालमजुरीतून तयार होणाऱ्या वस्तूंची पहिली जागतिक यादी प्रसिद्ध केली, आणि तीत भारताची बिडी होतीच.

कंपनीला लेबलवरून खाली उतरवण्याचा प्रयत्न आपण फार आधी केला होता, आणि ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत थक्क करणारी वाटते. 1966 च्या कायद्यात ‘मुख्य मालक’ अशी एक व्याख्या आहे. मधे ठेकेदार असला, काम घरी होत असलं, तरी ज्याच्यासाठी ते काम केलं जातं तो माणूस जबाबदार. बिडी कारखानदार यावर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 1974 मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्या खटल्यात पहिलं नाव कोणाचं? मंगलोर गणेश बिडी वर्क्स. ज्या नावाच्या बिड्या पंचवीस वर्षांनी अमेरिकेच्या बंदरात अडवल्या गेल्या, त्याच नावाच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने सांगून ठेवलं होतं की पडवीत वळलेल्या बिडीची जबाबदारी मालकावर आहे. डॉलर येण्याच्या तीस वर्षं आधी उत्तर घरात होतं. अंगणापर्यंत जाऊन वळणारणीचं नाव वहीत लिहून घेणारं कोणी नव्हतं.

आपला देशी इलाज आणखी एक होता. 1976 च्या एका कायद्याखाली बिडीच्या धंद्यावर उपकर घेतला जाई आणि त्यातून बिडी कामगारांचे दवाखाने, घरं, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. शेवटी तो हजार बिड्यांमागे पाच रुपये होता. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. गोंदियात याच्याही आधीची एक खासगी परंपरा आहे: बिडीच्या व्यवसायातून उभे राहिलेले मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि आज या भागातल्या कितीतरी पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर तिच्या शाळा-महाविद्यालयांचं नाव आहे. बिडीने पोरांना सुपाशी बसवलं आणि बिडीनेच पोरांसाठी शाळा बांधल्या. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

2014 पासून तर कंपन्यांची सामाजिक जबाबदारी हा आपल्याकडे कायदाच झाला. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी काही असेल तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करा. हा खर्च भारताबाहेर केला तर तो धरला जात नाही. अपवाद आहे तो मुख्यतः देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. म्हणजे जर्मनी आणि अमेरिका परदेशातल्या कंपन्या सुधारायला स्वतःचे पैसे बाहेर पाठवत होत्या, आणि आपण आपल्या कंपन्यांना सांगितलं की चांगुलपणा सीमेच्या आतच करा. कारखाना मात्र बाहेर काढता येतो, खाण बाहेर घेता येते.

कंपनीला अनुदानाशिवाय अडवण्याचाही एक मार्ग असतो. तिरोड्याचं औष्णिक वीज केंद्र हे गोंदिया जिल्ह्यातलं सर्वांत मोठं औद्योगिक धूड: 660 मेगावॉटचे पाच संच, 3300 मेगावॉट, मालक अदानी पॉवर. या केंद्रासाठी चंद्रपूरजवळ लोहारा इथे कोळसा खाण द्यायचं ठरलं होतं, ताडोबाच्या कुशीत. चंद्रपूरच्या पर्यावरणप्रेमींनी आंदोलन उभारलं, 2009 मध्ये तिथल्या इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयाने पाऊल मागे घेतलं. उपोषणाला अनुदान लागत नाही, प्रस्ताव लिहावा लागत नाही, वापर प्रमाणपत्रही द्यावं लागत नाही. पण ज्याने दिवसेंदिवस पोट रिकामं ठेवलं त्याला विचारा हा मार्ग स्वस्त आहे का.

आणि तेंदूचं पान? त्याची गोष्ट दुसऱ्याच दिशेने गेली. 1969 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने या पानाच्या व्यापारावर सरकारची मक्तेदारी होती. लिलाव वन विभाग करायचा, तोडणाऱ्याला मजुरी मिळायची. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदूला गौण वनोपज म्हटलं आणि त्याची मालकी ग्रामसभेला दिली. 2013 च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोलीतल्या शंभराच्या आसपास ग्रामसभांनी वन विभागाला सांगितलं की यंदा आमचं पान आम्हीच विकू. नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेने त्यांना निविदा कशी काढायची, करारात काय लिहायचं, हप्ते कसे बांधून घ्यायचे हे शिकवलं. इथे नागरी संस्थेने कंपनीला सुधारायला सांगितलंच नाही. समोरच्या बाकावर बसून भाव करायला गावाला शिकवलं. तोडणाऱ्याला आता आपलं पान कोण घेतो ते माहीत असतं, कारण घेणाऱ्याची सही ग्रामसभेच्या कागदावर असते. एखादा व्यापारी ऐनवेळी पळतो, एखाद्या वर्षी भाव पडतो, तेव्हा रडायलाही तो कागद लागतो.

बिडी वळणारीचं तसं झालेलं नाही. तिच्या मुलांसाठी मधल्या शाळा चालवणारी राष्ट्रीय बालकामगार योजना एप्रिल 2021 पासून समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने परदेशांतली आपली सगळी कामगार-अनुदानं एका फटक्यात रद्द केली, 57 कोटींहून अधिक डॉलरची. ओहायोच्या ट्रकचालकाचा तो कण आता कुठेच निघत नाही. आणि 21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत 1966 चा बिडी कायदा विलीन झाला. सर्वोच्च न्यायालयाने ज्या कलमांवर शिक्कामोर्तब केलं होतं, त्यांच्या जागी आता संहितेची कलमं आहेत, आणि घरी बसून हजारी भावाने काम करणाऱ्या बाईचं नाव त्यांच्या आधारे कोण, कोणत्या वहीत लिहून घेतं, हे गोंदियाच्या कामगार कार्यालयात जाऊन विचारण्याची वेळ आली आहे.